जलपरीचे कर्जप्रकरण

चाळिशी उलटलेल्या माणसाने ज्या गोष्टी करू नयेत, त्यांत एकदम एकशे आठ सूर्यनमस्कार घालणे, मेव्हण्याला जामीन राहणे आणि पहिली कादंबरी लिहायला घेणे या तीन प्रमुख होत. पहिल्या दोन करून मी सहीसलामत बाहेर पडलो. एकीतून शेकाच्या पिशवीने, दुसरीतून छत्तीस हप्त्यांनी. तिसरीची हकीकत सांगायला बसलो आहे.

त्याचं असं झालं. आमच्या शाखेत शेजारच्या काउंटरवर एक मुलगी नव्याने रुजू झाली. जेवणाच्या सुट्टीत उजव्या हाताने ती डबा खाते आणि डाव्या हातात विटेएवढं जाड इंग्रजी पुस्तक धरते. एकदा न राहवून विचारलं, तर म्हणाली, "काका, ही रोमँटसी. रोमान्स अधिक फँटसी. सध्या हेच खपतं." 'अधिक' आणि 'खपतं' हे दोन शब्द एका दमात ऐकल्यावर कुठल्या बी. कॉम. माणसाचे कान टवकारणार नाहीत? मागच्या पुस्तकात ड्रॅगन होते, या पुस्तकात जलपरी आहे, असंही तिने सांगितलं. जलपरी! मराठीत या जागेसाठी फारसे अर्ज आलेले माझ्या तरी पाहण्यात नव्हते. त्याच संध्याकाळी दोनशे पानी वही घेऊन घरी गेलो.

नायक अर्थातच कोकणातल्या शाखेत बदली झालेला रोखपाल. वय अठ्ठावीस, डोक्यावर भरपूर केस. (फँटसीत एवढी मुभा असते.) नायिकेचं नाव मत्स्यलता. चौथ्या प्रकरणात ती खातं उघडायला येते आणि पत्त्याच्या पुराव्यावरून गाडी अडते. 'राहणार : अरबी समुद्र' एवढ्यावर कुठलीही बँक खातं उघडत नाही. सहाव्यात दोघं स्कूटरवरून फिरायला निघतात. शेपूट सायलेन्सरला लागू नये म्हणून ती कशी ठेवावी, यात माझी तीन पानं आणि दोन रविवार गेले. शेवटी कंटाळून सातव्या प्रकरणात मी लिहिलं, 'आणि एके दिवशी सकाळी तिला पाय फुटले.' आठव्यात ती मोदक वळायला शिकली. बाराव्यात लग्न.

शेजारच्या काउंटरने दोन दिवसांत वही परत केली. "काका, विनोद छान आहेत. पण हिचं पुढे काय होईल याची मला काळजीच वाटली नाही."

हा शेरा मला आमच्या ऑडिटरच्या शेऱ्यांपेक्षाही लागला. म्हटलं, या धंद्यातल्या जुन्या पेढ्यांनी हिशोब कसे ठेवलेत ते तरी पाहू. तेव्हा कळलं की, ज्या ग्रीक सायरन बायांपासून हे खानदान सुरू झालं असं आपण समजतो, त्यांना मुळात शेपटी नव्हतीच. जुन्या ग्रीक चित्रांत त्या अर्ध्या पक्षिणी आहेत. १४९३ साली कोलंबसाने तीन जलपऱ्या प्रत्यक्ष पाहिल्या आणि त्या चित्रातल्याइतक्या सुंदर नाहीत अशी नोंद केली. बिचाऱ्याने मॅनाटी नावाचे समुद्रगायीच्या जातीचे प्राणी पाहिले असावेत, असं पुढे जाणकारांनी ठरवलं. मुलगी पाहायला गेलेल्या मंडळींची इतकी मोठी गफलत इतिहासात दुसरी नसेल.

मग हॅन्स अँडरसन वाचला. १८३७ साली, ज्या पुस्तिकेत राजाच्या नव्या कपड्यांची गोष्ट आली, त्याच पुस्तिकेत त्याची 'छोटी जलपरी'ही आली. लहानपणी ती सचित्र, गुळगुळीत आवृत्तीत वाचली होती. आता कर्जविभागात अकरा वर्षं काढल्यावर मूळ धाटणीची वाचली आणि तिसऱ्याच पानाला चष्मा पुसला. अहो, ही परीकथा नव्हे, हे कर्जप्रकरण आहे! आणि तेही असं, की मंजूर करणाऱ्या मॅनेजरला त्याच दिवशी निलंबित करावं.

अर्जदाराचं वय पाहा. पंधरा पुरी झाली तेव्हा तिला पाण्याबाहेर डोकं काढायची पहिली परवानगी मिळाली. आपल्या १८७२च्या करार कायद्यानुसार अज्ञानाशी केलेला करार मुळातच रद्दबातल. मोहोरीबीबी विरुद्ध धर्मदास घोष, प्रिव्ही कौन्सिल, १९०३. कॉमर्सचा विद्यार्थी बायकोचा वाढदिवस विसरेल, हा खटला विसरणार नाही. आता कर्ज काय? दोन पाय. तारण काय? आवाज, तोही कायमचा जप्त. समुद्रातली चेटकीण तिची जीभच कापून घेते. व्याज काय? प्रत्येक पाऊल सुरीच्या पात्यावर पडल्यासारखं दुखणार, रोज. आणि परतफेड? राजपुत्राने आईबापांपेक्षा तिच्यावर अधिक प्रेम करून तिच्याशी लग्न केलं, तर तिला अमर आत्मा. त्याने दुसरीशी केलं, तर दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा समुद्रावर फेस. म्हणजे कर्ज घेणार ही, परतफेड तिसऱ्याच इसमाच्या मर्जीवर, आणि त्या इसमाला या व्यवहाराची खबरसुद्धा नाही. तो तिला दाराशी मखमली उशीवर झोपू देतो आणि लाड करतो. वादळात आपला जीव वाचवला तो एका देवळातल्या मुलीने, असं तो धरून चालतो. ते खोटं आहे हे सांगायला हिच्याकडे उरलंय काय?

इथे मला आमची सत्यवती आठवली. तीही मासळीच्या पोटची, मत्स्यगंधा. पण तिचा दाशराज बाप व्यवहाराला पक्का. शंतनू मागणी घालायला आला, तर आधी कलमं: गादी हिच्या मुलाला. भीष्माने गादी सोडतो म्हटल्यावर बाप म्हणाला, तुझी मुलं भांडतील त्याचं काय? तेव्हा भीष्माने आजन्म ब्रह्मचर्याची हमी दिली. असा जामीनदार आमच्या बँकेला आजवर मिळालेला नाही. अँडरसनच्या पोरीकडून बोलायला एक माणूस नव्हता. आजी होती, पण तिने नातीच्या शेपटीला आठ शिंपले चिमटवून बसवले आणि थाटाचं राहायचं तर सोसायला हवं, असं वर ऐकवलं.

म्हणजे गोष्ट वाईट आहे का? छे! याच दरामुळे ती जवळजवळ दोनशे वर्षं टिकली आहे. प्रेमकथा म्हणजे कोणी काय दिलं आणि बदल्यात काय आलं, याची खतावणी. अँडरसनने नावेची बाजू एका पैशानेही कमी केली नाही. त्याला ती किंमत ठाऊक असावी. चांभाराचा आणि धोबिणीचा हा मुलगा चौदाव्या वर्षी कोपनहेगनला आला, तो गोड गळ्याच्या भांडवलावर. रॉयल थिएटरच्या लोकांनी गाणं शिकवायलाही घेतलं. आणि मग आवाज फुटला. भांडवल बुडालेला माणूसच असा ताळेबंद लिहू शकतो.

चूक त्याने केली ती शेवटी. बहिणी आपले केस चेटकिणीला देऊन सुरी आणतात: राजपुत्राला मार, शेपूट परत मिळेल. ही सुरी समुद्रात फेकते. इथे वही मिटायची! पण अँडरसन तिला वायुकन्या करतो आणि तीनशे वर्षं सत्कर्मं केलीस तर आत्मा, असा नवा हप्ता बांधून देतो. त्यात चांगलं मूल दिसलं की एक वर्ष सूट आणि वाईट मुलापायी गाळलेल्या दर अश्रूला एक दिवसाचा दंड. थकीत खातं बुडीत न दाखवता त्याचं पुनर्गठन केलं की ऑडिटरला जे वाटतं, ते मला वाटलं. डिस्नेच्या १९८९च्या चित्रपटाने तर सगळं कर्जच माफ केलं: आवाज परत, नवरा परत, बाप खूश. पोरांना आवडलं, मलाही आवडलं. पण सुऱ्या गेल्या त्या गेल्याच.

माझ्या मत्स्यलतेचं दुखणं हेच. 'एके दिवशी सकाळी तिला पाय फुटले.' फुकट!

त्या रात्री जेवताना हे सगळं मी आमच्या हिला सविस्तर सांगितलं, मोहोरीबीबीसकट. तिने वही आधीच वाचली होती, हे मला ठाऊक नव्हतं. आमटी वाढता वाढता म्हणाली, "अहो, तुमची ती मत्स्यलता गाते का?"

"गायची. समुद्रात असताना. पहिल्या प्रकरणात आहे ना."

"मग पुढे?"

"पुढे... मोदक, सणवार, सासू येते दहाव्यात. तिला वेळ कुठे मिळतो?"

"म्हणजे किंमत तिने दिलीच आहे," ही म्हणाली. "तुम्ही लिहिली नाही एवढंच. भात घेता?"

मी भात घेतला. घशाखाली तो जरा जडच गेला. आमच्या लग्नात हिचा तंबोरा रुखवताशेजारी मांडला होता आणि माझ्या मामांनी विचारलं होतं, हे वाजतं का? पहिली दोन वर्षं वाजला. मग माझी बदली, मग मुलगा, मग आईचं आजारपण, मग दोन खोल्यांत एवढं उभं लाकूड ठेवायचं कुठे, हा प्रश्न. गुळाच्या ढेपेशेजारी माळ्यावर तो कोणी चढवला? मीच. 'सांभाळून चढव,' असं मला कोणी म्हणाल्याचं आठवत नाही. ती काही बोललीच नव्हती. राजपुत्राप्रमाणे मीही धरून चाललो होतो की, सगळं ठीक आहे.

रविवारी माळ्यावर चढलो. तारा गंजल्या होत्या, भोपळ्याला चीर होती. तो मिरजेला दुरुस्तीला पाठवला. तिथल्या कारागिराने फोनवर विचारलं, "किती वर्षं बंद होता?" मी म्हटलं, "एकोणीस." तो काही बोलला नाही; फक्त आकडा सांगितला. आयुष्यात प्रथमच मी घासाघीस केली नाही.

कादंबरी सातव्या प्रकरणाशी थांबली आहे. पाय फुटले ते वाक्य खोडलं, त्याजागी दुसरं अजून सुचलेलं नाही. तंबोरा परत आला आहे आणि पलंग आणि कपाट यांच्यामध्ये उभा आहे. अंधारात दोनदा माझी करंगळी त्याच्यावर आपटली. ही अजून गायलेली नाही. परवा मात्र मी अंघोळीला गेलो असताना बाहेरून एकदा षड्ज ऐकू आला. मी नळ बंद करून, अंगाला साबण तसाच ठेवून, मुकाट्याने उभा राहिलो.

पाणी तापवलेलं गार झालं. पण म्हटलं, व्याजाचा हा पहिला हप्ता समजू.