बर्फावरून मागे फिरलेला माणूस

शत्रूवर प्रेम करण्याची येशूची आज्ञा मत्तयकृत शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात आहे. तिच्यावर प्रवचने उदंड झाली. ती पाळणाऱ्याचे पुढे काय झाले, हे न्यायनिवाड्याच्या नकलेसह क्वचितच वाचायला मिळते. थीलेमान फान ब्राख्त यांच्या १६६० च्या डच ग्रंथात अशी एक नोंद आहे. इंग्रजीत हा ग्रंथ ‘मार्टर्स मिरर’ म्हणून ओळखला जातो. मला डच येत नाही. मी जोसेफ सोम यांचे १८८६ चे इंग्रजी भाषांतर वाचले.

घटना १५६९ ची, नेदरलँड्समधल्या आस्पेरेनची. डर्क विलेम्स हा अॅनाबॅप्टिस्ट, म्हणजे तान्हेपणीचा बाप्तिस्मा न मानता जाणत्या वयात तो घेणाऱ्यांपैकी होता. या गुन्ह्याला तेव्हा देहदंड होता. त्याला पकडायला शिपाई मागे लागला. डर्क जीव धोक्यात घालून बर्फावरून पलीकडे पोचला, पण मागून येणाऱ्या शिपायाच्या पायाखालचा बर्फ फुटला. डर्क परत फिरला आणि त्याने त्याला बाहेर काढले. शिपाई त्याला सोडून द्यायला तयार होता; नगरप्रमुखाने दरडावून शपथेची आठवण दिली. डर्क पकडला गेला आणि जाळला गेला. जोराच्या पूर्वेच्या वाऱ्याने ज्वाळा शरीराच्या वरच्या भागापासून दूर ढकलल्या, त्यामुळे मरणही लांबले.

आपल्या परिचयाच्या बोधकथांत अपकार करणारा शेवटी वरमतो, पाय धरतो आणि गोष्ट गोड होते. इथे शिपाई वरमला, तरी गोष्ट गोड झाली नाही. शत्रूशी चांगले वागले की शत्रू जिंकता येतो, या लोकप्रिय युक्तिवादाला ही नोंद आधार देत नाही. रोमकरांस पत्राच्या बाराव्या अध्यायात भुकेल्या शत्रूला जेवू घालणे म्हणजे त्याच्या डोक्यावर निखारे रचणे, असे म्हटले आहे. त्यातून दयेचाच सूड करणारा अर्थ काढता येतो. डर्कच्या कृतीला तो लागू पडत नाही. तेवढा हिशेब करायला त्याला वेळच नव्हता.

१६ मे १५६९ चा निकाल ग्रंथात दिला आहे. डर्कने पुन्हा बाप्तिस्मा घेतला, घरी गुप्त सभा भरवल्या, इतरांना तिथे बाप्तिस्मा घेऊ दिला, हे गुन्हे त्यात आहेत. मालमत्तेच्या जप्तीचा हुकूमही आहे. वाचवलेल्या जिवाबद्दल एक शब्द नाही. आणि हा निकाल पवित्र ख्रिस्ती श्रद्धेच्याच नावाने दिला आहे. म्हणजे ती आज्ञा दोन्ही बाजूंच्या धर्मग्रंथात होती.

माझा खरा आक्षेप मात्र ग्रंथकारावर आहे. शत्रूला वाचवणाऱ्याची कथा सांगताना फान ब्राख्त त्याच्या मारेकऱ्यांना रक्तपिपासू लांडगे म्हणतात. ज्यांच्या पंथातली माणसे जाळली गेली त्यांचा संताप समजण्यासारखा आहे. पण आधीच्याच ओळींत त्यांनी शिपायाची सोडून देण्याची इच्छा नोंदवली आहे. शपथ आणि दया यांत अडकलेला माणूस त्यांना दिसला होता. पुढे एका विशेषणाने त्यांनी तो पुसून टाकला.

१६८५ च्या आवृत्तीसाठी यान लॉयकेन या चित्रकाराने १०४ कोरीव चित्रे केली. या कथेसाठी त्याने चिता निवडली नाही. पाण्यात बुडणारा शिपाई आणि त्याच्याकडे वाकून दोन्ही हात पुढे केलेला डर्क, एवढाच क्षण निवडला. त्या चित्रात लांडगा कोणी नाही. माझ्या मते डर्कला समजून घेण्यात चित्रकार ग्रंथकाराच्या पुढे गेला आहे.

तरीही एक उणीव उरते. डर्कचे नाव त्याच्या पंथाने साडेचारशे वर्षे जपले, आणि ते योग्यच झाले. पण ज्या माणसासाठी तो मागे फिरला, त्याचे नाव या नोंदीत नाही. शत्रुप्रेमाचा इतिहास लिहिणाऱ्याने निदान शत्रूचे नाव विचारायला हवे होते.