मेरी टॉड लिंकन खटला : चरित्रलेखनातील माता व पुत्र

प्रस्तावना :
राष्ट्राध्यक्ष अब्राहम लिंकन यांची १८६५ मध्ये हत्या झाली. त्यांच्या चार पुत्रांपैकी १८७१ नंतर एकटा रॉबर्ट हयात राहिला. व्यवसायाने वकील असलेल्या या पुत्राच्याच अर्जावरून १९ मे १८७५ रोजी शिकागो येथे विधवा मेरी यांना वेडसर ठरविण्यात आले आणि बटाव्हिया येथील बेलव्ह्यू प्लेस या खाजगी रुग्णालयात ठेवण्यात आले. या घटनेकडे चरित्रकारांनी कसे पाहिले, याचा प्रस्तुत लेखात परामर्श घेतला आहे.

विवेचन :
मार्क नीली व जेराल्ड मॅकमर्ट्री यांच्या 'द इन्सॅनिटी फाइल' (१९८६) या ग्रंथाचा आधार रॉबर्टने जपून ठेवलेली कागदपत्रे हा आहे. कायद्याची प्रक्रिया पाळली गेली, हे ते साधार दाखवितात. तथापि ही कागदपत्रे अर्जदारानेच जमविलेली होती, ही मर्यादा नजरेआड करता येत नाही. जीन बेकर यांचे चरित्र (१९८७) मेरी यांना पुरुषप्रधान संकेतांचा बळी मानते. हे विवेचन मर्मग्राही असले, तरी भ्रमाच्या पुराव्याला त्यात पुरेसे वजन मिळत नाही. धडधाकट रॉबर्ट मरणासन्न आहे, या समजुतीने मेरी यांनी मार्च १८७५ मध्ये फ्लोरिडाहून तारा पाठविल्या होत्या. जेसन इमर्सन यांनी २००७ मध्ये मेरी यांची हरवलेली पत्रे उजेडात आणली. परंतु सव्वाशे वर्षांनंतर केलेले द्विध्रुवीय विकाराचे निदान अनुमानच राहते.

तिन्ही ग्रंथ 'वेड होते की नव्हते' या प्रश्नाभोवती फिरतात. खरा प्रश्न अधिकाराचा आहे. एलिझाबेथ पॅकर्ड यांच्या लढ्यामुळे इलिनॉयमध्ये १८६७ पासून ज्यूरीसमोरील सुनावणी बंधनकारक झाली. स्त्रियांच्या रक्षणासाठी आलेली ही तरतूद येथे निष्प्रभ ठरली. मेरी यांना सूचना त्याच दिवशी मिळाली; त्यांचे वकील आयझॅक अर्नोल्ड यांनी एकही साक्षीदार उभा केला नाही. रॉबर्ट मात्र अर्जदार, साक्षीदार व पुढे मालमत्तेचा विश्वस्त अशा तिन्ही भूमिकांत होता. त्याचा हेतू शुद्ध मानला, तरी या एकवटलेल्या सत्तेला अंकुश नव्हता.

मायरा ब्रॅडवेल यांच्या प्रयत्नांनी मेरी सप्टेंबर १८७५ मध्ये बहिणीकडे गेल्या. १५ जून १८७६ रोजी दुसऱ्या ज्यूरीने त्यांना पुन्हा सुबुद्ध ठरविले आणि मालमत्ता परत मिळाली. पुत्राशी झालेला दुरावा मात्र दीर्घकाळ टिकला.

समारोप :
आजार खरा असू शकतो आणि अन्यायही खरा असू शकतो. एक सिद्ध झाल्याने दुसरा खोटा ठरत नाही. पुत्राला खलनायक वा कर्तव्यदक्ष ठरविण्याऐवजी, आजारी व्यक्तीचे म्हणणे ऐकण्याची सोय त्या व्यवस्थेत कितपत होती, हा निकष चरित्रसमीक्षेने स्वीकारणे अगत्याचे आहे.