महात्मा फुले यांचे हंटर आयोगापुढील निवेदन आणि विद्यार्थ्यांच्या पूर्वतयारीचा प्रश्न

प्रस्तावना :
प्रथम वर्षाच्या वर्गात येणाऱ्या विद्यार्थ्याला उतारा वाचून त्याचा आशय सांगता यावा, उत्तर स्वतःच्या शब्दांत लिहिता यावे, व्याख्यानाची टिपणे घेता यावीत, न समजलेले विचारता यावे, अशी अध्यापकांची रास्त अपेक्षा असते. ती पूर्ण न झाल्यास उणीव विद्यार्थ्याच्या नावावर जमा होते. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर शिक्षण आयोगास सादर केलेले इंग्रजी निवेदन या समजुतीची फेरतपासणी करावयास लावते.

विवेचन :
सरकारचा महसूल प्रामुख्याने रयतेच्या श्रमातून येतो. परंतु शिक्षणावरील खर्चाचा लाभ वरिष्ठ वर्गाच्या उच्च शिक्षणास मिळतो, हा या निवेदनाचा मुख्य आक्षेप होय. किमान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, ही मागणी त्यातूनच येते. म्हणजेच विद्यार्थ्याची पूर्वतयारी हा त्याचा व्यक्तिगत गुण नसून शिक्षणाच्या वाटपाचा परिणाम ठरतो.

फुले यांनी सुचविलेल्या अभ्यासक्रमात मोडी व बाळबोध लिपींचे वाचन-लेखन, हिशेब, इतिहास, भूगोल व व्याकरण यांची तोंडओळख, शेतीचे प्राथमिक ज्ञान, नीती आणि आरोग्य यांचा समावेश आहे. त्यातील मोडीचे स्थान अर्थपूर्ण आहे. त्या काळी दस्तऐवज व देण्याघेण्याचे व्यवहार मोडीत चालत. मोडी वाचता येणाऱ्या शेतकऱ्याला आपण कशावर अंगठा उठवतो आहोत हे कळू शकत होते. येथे कौशल्याचे माप पुढील वर्गाची सोय हे नसून शिकणाऱ्याचे जीवन हे आहे.

याच निवेदनात शिक्षकाविषयीच्या अपेक्षाही आढळतात. शिक्षक प्रशिक्षित असावा, शक्यतो शेतकरी वर्गातील असावा आणि नांगर धरण्याची त्याला लाज वाटू नये, असे फुले सुचवितात. वर्गात प्रवेश करण्यापूर्वीची तयारी शिक्षकाकडूनही अपेक्षित आहे, हा विचार आजच्या चर्चेत क्वचितच येतो.

निवेदनाची मर्यादाही नमूद करावयास हवी. विषयांची यादी स्पष्ट असली तरी अक्षरओळखीपासून आकलनापर्यंतचा प्रवास कसा घडावा, याची चर्चा त्यात नाही. आजची अडचण नेमकी तेथेच आहे. ‘असर’ २०२३ या सर्वेक्षणात २८ जिल्ह्यांतील १४ ते १८ वयोगटाची पाहणी झाली. त्यातील ८६.८ टक्के मुले-मुली शिक्षणसंस्थेत दाखल होती. तथापि सुमारे २५ टक्क्यांना प्रादेशिक भाषेतील दुसरीच्या स्तराचा उतारा सफाईने वाचता आला नाही, तर तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागणे ४३.३ टक्क्यांनाच जमले. प्रवेश झाला, पण तयारी मागे राहिली.

निष्कर्ष :
यावर अपेक्षाच कमी करणे आणि तयार उत्तरे लिहून देणे हा उपाय नव्हे. तो त्याच वंचिततेचा पुढील टप्पा होय. वाचन, सारांशलेखन व प्रश्न विचारणे ही कौशल्ये प्रत्येक विषयाच्या तासिकेत, त्या त्या विषयाच्या मजकुरावर शिकविली जाणे आवश्यक आहे. शाळेत जे मिळाले नाही ते महाविद्यालयातही न मिळाल्यास विद्यार्थ्याच्या हाती पदवी येईल. परंतु समोरचा कागद वाचून मगच त्यावर सही करण्याचे सामर्थ्य येणार नाही.