कॅशे कुणाच्या दारात? आयईटीएफच्या कागदांमधली एक फट



स्टँडर्डचा कागद हातात आला की आपण त्यात नियम शोधतो. रिसर्च करायचा असेल तर आणखी एक गोष्ट शोधा: दोन गटांनी आपापलं काम चोख केलं, पण दोघांच्या मधलं काय राहून गेलं? आज त्याचं एक उदाहरण बघू, वेब कॅशिंगचं.

आधी साधं गणित. समजा वाशीतल्या एखाद्या कॉलेजच्या लॅबमध्ये ४० जणांना ५० एमबीची एकच फाईल हवी आहे. (ही वाशी धाराशिव जिल्ह्यातली बरं का. नवी मुंबईच्या वाशीला ऐरोली-महापेची डेटा सेंटर्स शेजारीच आहेत.) प्रत्येकाने वेगळी उतरवली तर लाईनवरून २००० एमबी जातात. लॅबमधल्या एका सर्व्हरने पहिली प्रत जपून ठेवली आणि बाकीच्यांना तीच दिली, तर फक्त ५० एमबी. हा झाला सामायिक कॅशे. लाईन जितकी बारीक, तितका त्याचा उपयोग मोठा.

इंटरनेटचे नियम लिहिणाऱ्या आयईटीएफमध्ये यावर एकच गट बसला नव्हता. जानेवारी २००१ मध्ये आरएफसी ३०४० आला. प्रॉक्सी कशाला म्हणायचं, सरोगेट कशाला, हे त्याने नीट ठरवून दिलं. २००३ मध्ये आरएफसी ३४६६ ने वेगवेगळी कंटेंट नेटवर्क्स एकमेकांना कशी जोडायची याचा आराखडा मांडला. तोच प्रश्न सीडीएनआय नावाच्या गटाने पुन्हा हाती घेतला आणि २०१२ मध्ये आरएफसी ६७०७ आला. आणि कॅशेने कुठला प्रतिसाद किती वेळ ठेवायचा, याचे आजचे नियम जून २०२२ च्या आरएफसी ९१११ मध्ये आहेत.

आरएफसी ९१११ चं कौतुक करायलाच हवं. एका माणसाचा निकाल दुसऱ्याला दिसू नये म्हणून 'प्रायव्हेट', अजिबात साठवू नये म्हणून 'नो-स्टोअर', सामायिक कॅशेसाठी वेगळी मुदत हवी तर 'एस-मॅक्सएज'. प्रत्येक शब्दाचं काम ठरलेलं. आणि हे नियम पाळायला कुणाशी करार करावा लागत नाही, ज्याचा कॅशे त्याने पाळले की झालं. सीडीएन जोडणीचं तसं नाही. तिथे एक नेटवर्क आपलं काम दुसऱ्यावर सोपवतं, म्हणजे दोघांत व्यवहार आणि विश्वास दोन्ही लागतात.

आता फट बघा. मे २०१४ च्या आरएफसी ७२५८ ने सांगितलं की सर्वव्यापी पाळत हा हल्लाच आहे आणि प्रोटोकॉल रचतानाच त्याचा विचार करावा. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आयएबीने एन्क्रिप्शन हीच नेहमीची पद्धत व्हावी असं आवाहन केलं. निर्णय योग्यच होता. साध्या एचटीटीपीमध्ये मधला कुणीही तुमचं पान वाचू शकतो, त्यात जाहिरात घुसवू शकतो.

पण एचटीटीपीएसमध्ये मधल्या सर्व्हरला काहीच वाचता येत नाही, म्हणजे प्रतही ठेवता येत नाही. लॅबच्या प्रत्येक कॉम्प्युटरवर स्वतःचं सर्टिफिकेट बसवून मधेच कुलूप उघडता येतं खरं, पण मग ज्या सुरक्षेसाठी एवढा खटाटोप केला तीच गेली. एरिक मेयर यांनी २०१८ मध्ये युगांडातल्या ग्रामीण शाळेच्या अनुभवावरून हेच लिहिलं होतं: सॅटेलाईटची महाग लाईन, आणि हाताशी असलेला कॅशे निरुपयोगी.

आयईटीएफला हे माहीत नव्हतं का? होतं. जुलै २०१८ चा आरएफसी ८४०४ एन्क्रिप्शनमुळे नेटवर्क चालवणाऱ्यांचं काय काय अडतं याची मोठी यादी देतो, त्यात कॅशिंगही आहे. माझा आक्षेप असा की ती यादीच राहते. आणि आरएफसी ९१११ वाचताना 'सामायिक कॅशे' शब्द इतक्या सहज येतो की लॅबमधला प्रॉक्सी अजून तसाच चालतो असं वाटावं. प्रत्यक्षात हे नियम आता मुख्यतः वेबसाइटने स्वतः नेमलेल्या सीडीएनच्या कामाचे उरलेत. नेटफ्लिक्स किंवा गूगल आपल्या कॅशेच्या पेट्या इंटरनेट कंपन्यांच्या नेटवर्कमध्ये ठेवतात, पण त्यात काय साठवायचं ते ठरवतात त्याच. लॅबच्या हाती काही राहत नाही.

पूल बांधायचा प्रयत्न झाला होता. मजकूर कुलूपबंद ठेवूनच कॅशेत साठवायचा, म्हणजे कॅशेला प्रत देता येईल पण वाचता येणार नाही, अशा 'आंधळ्या' कॅशेचा मसुदा २०१६ मध्ये आला. त्याला लागणारा एक भाग, मजकूर एन्क्रिप्ट करण्याची पद्धत, २०१७ मध्ये आरएफसी ८१८८ म्हणून मंजूर झाला. मूळ मसुदा मात्र आरएफसी झालाच नाही. यात एक खरी अडचणही आहे: मजकूर वाचता आला नाही तरी कोण काय मागतंय हे कॅशेला कळू शकतं. गावात सगळे एकमेकांना ओळखतात, तिथे ही गोष्ट लहान नाही.

तेव्हा सिनॉप्सिस लिहायला बसाल तेव्हा तुमच्या विषयाचे दोन कागद शेजारी ठेवा आणि तीन प्रश्न विचारा. एकाने गृहीत धरलेलं दुसऱ्याने काढून घेतलंय का? त्याची नोंद कुठे आहे, आणि नोंदीच्या पुढे कुणी गेलंय का? नुकसान झालं ते ज्याच्या वतीने बोलायला गटात कुणीच नव्हतं, त्याचं झालं का?

तिसऱ्याचं उत्तर 'हो' आलं तर विषय सोडू नका. आयईटीएफच्या मेलिंग लिस्ट सगळ्यांना खुल्या आहेत, सभासदत्वाची फी नाही. वाशीतूनही लिहिता येतं.