कप्प्यांत अडकलेले अर्थचिंतन

न्यायमूर्ती रानडे मराठी वाचकाला समाजसुधारक म्हणून ठाऊक असतात, जोतीराव फुले सत्यशोधक म्हणून आणि डॉ. आंबेडकर घटनेचे शिल्पकार म्हणून. तिघांनीही अर्थव्यवस्थेवर मूलगामी लेखन केले. पण चरित्रांत त्याची बोळवण बहुधा एखाद्या प्रकरणात होते. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याच्या वाट्याला ‘भारतीय आर्थिक विचारवंत’ असा एखादा घटक येतो. त्यात प्रत्येकाला दोन-तीन पाने मिळतात आणि ती एकमेकांशी बोलत नाहीत. वास्तविक ही माणसे एकाच प्रश्नाशी झुंजत होती: दख्खनच्या शेतीत पिकणारे धन कोण नेतो आणि शेतीत न मावणाऱ्या हातांना काम कुठून मिळायचे? आपल्या आर्थिक विचारांच्या इतिहासलेखनाने पूर्वजांची यादी चांगली केली, पण त्यांच्यातला वाद मात्र हरवून टाकला, असे माझे स्पष्ट मत आहे.

यादीचे काम कमी मोलाचे नाही. संपत्तीच्या निःसारणाचा, म्हणजे देशातले धन ब्रिटनकडे वाहून जाण्याचा, विचार म्हटला की दादाभाई नौरोजींचे नाव येते. पण १८४१ मध्येच भास्कर पांडुरंग तर्खडकर यांनी ‘बॉम्बे गॅझेट’मध्ये टोपणनावाने पत्रे लिहून कंपनी सरकारच्या आर्थिक शोषणावर कोरडे ओढले होते. १८४३ मध्ये रामकृष्ण विश्वनाथ यांचे हिंदुस्थानच्या प्राचीन व सांप्रतच्या स्थितीवरचे मराठी पुस्तक निघाले. भाऊ महाजनांच्या ‘प्रभाकर’ या पत्रातही हा विचार घुमत होता. इतिहासकार ज. वि. नाईक यांनी हे सारे उजेडात आणले, हे त्यांचे मोठे ऋण. मात्र पुढच्या अभ्यासकांनी या मंडळींना दादाभाईंचे ‘पूर्वसूरी’ ठरवून तिथेच काम थांबवले. त्यांच्यासमोर कोणता वाचक होता, व्यापार आणि राज्यसत्ता यांचे नाते त्यांना कसे दिसत होते, दादाभाईंपेक्षा त्यांचा विचार कुठे वेगळा होता, हे प्रश्न पडूनच राहिले.

खुद्द निःसारणाच्या वादाचेही असेच झाले. दादाभाईंनी १८७६ मध्ये भारतीयाचे सरासरी वार्षिक उत्पन्न वीस रुपये काढले, तेव्हापासून वाद आकड्यांभोवती फिरत राहिला. १९६३ मध्ये मॉरिस डी. मॉरिस यांनी एकोणिसाव्या शतकातल्या ऱ्हासाच्या चित्रालाच आव्हान दिले आणि बिपन चंद्र यांच्यासारख्या इतिहासकारांनी त्यांना सडेतोड उत्तर दिले. अलीकडे उत्सा पटनायक यांनी ब्रिटनने नेलेल्या धनाचा अंदाज ४५ लाख कोटी डॉलरच्या घरात नेला, तर तीर्थंकर रॉय यांनी निःसारणाच्या सिद्धांतावरच आक्षेप घेतले. हा वाद व्हायलाच हवा. पण त्याच्या गदारोळात एक गोष्ट झाकली जाते: निःसारणाला किती महत्त्व द्यायचे यावर दादाभाईंच्या पिढीतच मतभेद होते. १८९० च्या पुण्यातील औद्योगिक परिषदेत रानड्यांनी डच ईस्ट इंडीजमधल्या शेतीपद्धतीचा दाखला दिला आणि इंग्लंडला जाणाऱ्या खंडणीवर अडून बसण्यापेक्षा भांडवल, कर्जपुरवठा आणि उद्योग यांकडे वळा, असे सांगितले. १८९२ मध्ये डेक्कन कॉलेजातल्या व्याख्यानात त्यांनी या भूमिकेला सैद्धांतिक बैठक दिली. इंग्लंडमध्ये घडलेले अर्थशास्त्राचे नियम सर्व देशांना आणि काळांना लागू पडत नाहीत, असा त्यांचा मुद्दा होता आणि त्यासाठी त्यांनी जर्मनीच्या ऐतिहासिक परंपरेचा आधार घेतला.

बिपन चंद्र यांच्या १९६६ च्या ग्रंथाने या साऱ्या मंडळींची आर्थिक राष्ट्रवादी म्हणून भक्कम मांडणी केली. तो ग्रंथ आजही टाळता येत नाही. मतभेद त्यात नोंदलेले आहेत, पण भर एकसंध आघाडी दाखवण्यावर आहे. मारिया बाख यांचे २०२४ चे पुस्तक एक पाऊल पुढे जाते. रानडे, दादाभाई, गणेश व्यंकटेश जोशी यांच्याकडे ते विकासाचे सिद्धांतकार म्हणून पाहते. सरकारी शाळेत शिकवत शिकवत पुण्याच्या सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकात निनावी लेख लिहिणाऱ्या जोश्यांना हा मान मिळावा, याचा आनंद होतो. तरीही या अभ्यासाचा पाया इंग्रजीत लिहिणाऱ्या पिढीवर उभा आहे. मराठीत लिहिणारा तेवढ्यानेच कुंपणाबाहेर राहतो.

हे कुंपण किती महागात पडते, ते १८८३ हे एकच वर्ष घेतले तरी कळते. त्या वर्षी रानड्यांनी प्रशियातले जमीनविषयक कायदे आणि बंगालचे कूळविधेयक यांवर लिहिले. शेतकऱ्याला जमिनीवर पक्का हक्क हवा, पण गावात भांडवल बाळगणारा, जाणता जमीनदारवर्गही हवा, असा त्यांचा कल होता. त्याच वर्षी फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला. आठ वर्षांपूर्वी सुप्याच्या बाजारातून सावकारांविरुद्धचे दंगे पेटले होते, दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदाही झाला होता. फुल्यांनी या प्रश्नाची मुळे सावकाराच्या वहीपलीकडे शोधली: शेतसारा, जंगलखात्याची बंधने, कचेरीतला कारकून आणि भटभिक्षुकांचे संस्कार. उपायही रोकडे दिले. सैन्य आणि पोलीस यांतल्या शिपायांकडून ताली-बंधारे घालून घ्यावेत, पाणी शिवारात मुरवावे, शेतकऱ्यांच्या मुलांना शिक्षण द्यावे. रानड्यांना भांडवल धरून ठेवणारा वर्ग हवा होता, तर फुल्यांना धन शिवारातच टिकवायचे होते. भांडवल साठते कुणाच्या घरात, हा विकासाच्या अर्थशास्त्राचा मूळ प्रश्न आहे. अभ्यासकांनी रानड्यांना अर्थशास्त्राच्या खणात आणि फुल्यांना समाजसुधारणेच्या खणात ठेवल्यामुळे तो वाद म्हणून आपल्याला दिसतच नाही.

या वादाची पुढची फेरी १९१८ ची. हॅरल्ड मान हे पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य. त्यांनी पिंपळे सौदागर गावाची घरोघर, शेतोशेत पाहणी करून १९१७ मध्ये अहवाल काढला. १७७१ मध्ये सरासरी चाळीस एकर असलेली जमीनधारणा १९१४-१५ पर्यंत सात एकरांवर आली होती. तुकडे फार झाले, ते एकत्र करा, असा त्या काळच्या तज्ज्ञांचा सूर होता. आंबेडकरांनी लहान धारणाक्षेत्रावरच्या १९१८ च्या निबंधात मान यांचेच आकडे हाती घेतले आणि प्रश्न उलटा केला. धारणा लहान की मोठी, हे नुसत्या एकरांवरून ठरत नाही. तिच्याबरोबर नांगर, बैल, माणसे किती, यावरून ठरते. गावातले नांगर आणि बैल मोजले तर आहे तीच जमीन त्यांना झेपत नाही. म्हणजे त्या अवजारांच्या मानाने धारणा मोठीच म्हणायची! जमिनीवरचा खरा भार आहे तो काम नसलेल्या हातांचा, आणि हे हात उद्योगांत गेल्याशिवाय शेतीचे दुखणे जायचे नाही. रानड्यांच्या औद्योगिकीकरणाच्या आग्रहाला इथे नेमका तर्क मिळतो, तर फुल्यांच्या शेतकऱ्याला आकडेवारीचा आधार. हा निबंध अर्थशास्त्राच्या प्रत्येक मराठी विद्यार्थ्याने मान यांच्या अहवालाशेजारी ठेवून वाचायला हवा.

त्याऐवजी आंबेडकरांच्या अर्थशास्त्राबद्दल एकच वाक्य फिरत असते: रिझर्व्ह बँक त्यांच्या ग्रंथावरून स्थापन झाली. चलनविषयक हिल्टन यंग आयोगापुढे त्यांनी साक्ष दिली हे खरे, आणि मध्यवर्ती बँकेची शिफारस त्याच आयोगाने केली हेही खरे. पण रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा १९२३ चा ग्रंथ बँकेचा आराखडा देत नाही. ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ केन्सने उचलून धरलेल्या सुवर्ण विनिमय पद्धतीवर त्यात हल्ला आहे. चलन चालवणाऱ्यांच्या मर्जीवर रुपयाचे मोल सोडू नये, नाणी पाडण्याला कायमची मर्यादा घालावी, हा त्यांचा आग्रह होता. प्रस्तावना लिहिणारे त्यांचे गुरू एडविन कॅनन यांनाही सगळे मुद्दे पटले नव्हते. नरेंद्र जाधव यांच्यासारख्या अभ्यासकांनी या लेखनाची गंभीर चर्चा केली आहे, तरी लोकांत पोचले ते वाक्यच. चलनावर विवेकाधीन सत्ता असणे या ग्रंथाला धोक्याचे वाटते. तोच ग्रंथ अशी सत्ता वापरणाऱ्या संस्थेचे मूळ म्हणून सांगितला जातो. गौरवाने वाचनाची जागा घेतली की असे होते.

हे सुधारायला नवे सिद्धांत नकोत, संपादनाचे चिवट काम हवे. तर्खडकरांची पत्रे, रामकृष्ण विश्वनाथ यांचे पुस्तक, जोश्यांचे निबंध, ‘असूड’, मान यांचा अहवाल आणि आंबेडकरांचा निबंध हे टिपांसह, कालक्रमाने आणि एकमेकांच्या संदर्भाने मराठीत छापले पाहिजेत. १९३० पासून पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्था उभी आहे, धनंजयराव गाडगीळांची परंपरा आहे. या शहराला हे काम अवघड नाही. आज पाण्यावरून, पीककर्जावरून आणि शेतकऱ्यांच्या मुलांच्या नोकऱ्यांवरून महाराष्ट्रात जे भांडण चालू आहे, त्याचे मुख्य युक्तिवाद शंभर-दीडशे वर्षांपूर्वी याच मातीत, बहुतेकदा आजच्यापेक्षा अधिक काटेकोरपणे मांडले गेले आहेत. ते ठाऊक असलेल्या समाजाला प्रत्येक वेळी शून्यापासून वाद घालावा लागत नाही.