एका माहितीपत्रकाचा रसास्वाद

मिनेसोटात मुलाकडे हिवाळा काढायचा म्हणजे हाताला लागेल ते वाचावं लागतं. मला लागलं ते ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या जादा ऑइल-कूलरसोबत आलेलं माहितीपत्रक. लेखकाचं नाव नाही. त्याच्या दृष्टीनं बरंच झालं.

कथेत खलनायक एकच, उष्णता! तेल तापलं की गिअरबॉक्स संपला, हाच आक्रोश पानोपानी. मे महिन्यात नागपुरात वाचलं असतं तर मी डोळे पुसले असते. इथं बाहेर उणे 30 अंश, तेल काकवीसारखं घट्ट, आणि गाडी रुसलेल्या जावयासारखी वरच्या गिअरात जायला तयार नाही. हे तेल 80 अंशांच्या आसपास खुशीत असतं. गार राहिलं तर टॉर्क कन्व्हर्टर लॉक होत नाही आणि पेट्रोल उगाच जळतं. पत्रकात याबद्दल चकार शब्द नाही.

पत्रक म्हणतं, तेल आधी रेडिएटरच्या टाकीतून, मग कूलरमधून न्या. उन्हाळ्यात रास्त आहे. पण इथं शेवटचा हात बर्फाळ वाऱ्याचा लागतो, त्याचं काय? क्रम उलटा करा, म्हणजे टाकीतलं इंजिनाचं गरम पाणी तेलाला निघता निघता शेकून काढतं. तेल गार असताना कूलर टाळणारी थर्मोस्टॅटची झडपही मिळते. लेखकाला तीही ठाऊक नसावी.

चिरंजीवांनी तोवर कूलरच्या खोक्याचाच पुठ्ठा कापून कूलरपुढं लावला. गाडी सुधारली. म्हणजे पत्रकापेक्षा खोकं सरस! आता ऊन पडू लागलं की तो पुठ्ठा आठवणीनं कोण काढणार, यावर घरात वाद चालू आहे.