निष्कपटाला भोळा म्हणू नये

कपटासाठी मराठीत शब्दांची वाण नाही. दगा, कावा, लबाडी, ढोंग, थाप, बतावणी, चलाखी अशी यादी लांबवावी तितकी लांबते आणि प्रत्येक शब्दाची छटाही निराळी असते. दगा विश्वासातला माणूस देतो, कावा शत्रूशी खेळला जातो, थाप तर गंमत म्हणूनही मारली जाते. मात्र कपटाच्या विरुद्ध टोकाचे शब्द शोधू लागलो म्हणजे दोन गोष्टी ध्यानात येतात. एक म्हणजे निष्कपट, निर्व्याज, अकृत्रिम यांसारखे पुष्कळ शब्द नकारातून जन्मलेले आहेत. काय नाही ते ते सांगतात, काय आहे ते सांगत नाहीत. दुसरी गोष्ट अधिक बोचरी आहे. नकाराचा आधार न घेता उभे असलेले साधा, भोळा, भाबडा हे शब्द आपण अशा सुरात उच्चारतो की स्तुती संपण्याआधीच कीव सुरू होते. 'साळसूद' या शब्दाची तर पुरती उलथापालथ झाली आहे. आज त्यातून साळसूदपणाचा आवच अधिक सूचित होतो.

या शब्दांतले काही मात्र नीट पारखून घ्यावेत असे आहेत. 'निर्व्याज' या शब्दातले व्याज सावकाराचे नव्हे. संस्कृतात व्याज म्हणजे बहाणा, मिष. शाळेत शिकलेले व्याजस्तुती आणि व्याजोक्ती हे अलंकार आठवले की हा अर्थ उलगडतो. निर्व्याज प्रेम म्हणजे ज्याच्या आड दुसरा हेतू दडलेला नाही असे प्रेम. मराठी कानाला त्यात परतफेडीची अपेक्षा नसलेले प्रेम असाही अर्थ ऐकू येतो. तो व्युत्पत्तीला धरून नसला तरी भावाला सोडून नाही. 'प्रामाणिक' हा शब्द 'प्रमाण' यावरून आला. ज्याचा शब्द हाच पुरावा, ज्याच्यासाठी वेगळा साक्षीदार उभा करावा लागत नाही, तो प्रामाणिक. 'ऋजु' आणि 'प्रांजळ' यांच्या मुळाशी सरळपणा आहे, तर 'कुटिल' याच्या मुळाशी वाकडेपणा. म्हणजे भाषेनेच येथे दोन वाटा आखून दिल्या आहेत.

या शब्दांची कसोटी पाहण्यास योहानाच्या शुभवर्तमानातील नथनएल हे उत्तम उदाहरण होय. ज्याच्या ठायी कपट नाही असा खरा इस्राएली, या शब्दांत प्रभू येशू त्याचा गौरव करतो. प्रवचनांतून आणि धर्मशिक्षणाच्या वर्गांतून हा गौरव समजावताना 'साधाभोळा नथनएल' असे चित्र सहज रंगवले जाते. ते चित्र मूळ प्रसंगाला न्याय देत नाही. नाझरेथमधून काही चांगले निघू शकते काय, असा रोखठोक प्रश्न याच नथनएलने फिलिपला केला होता. प्रभूने प्रशंसा केल्यावरही तो विरघळून जात नाही. आपण मला कसे ओळखता, असे तो विचारतो. पटल्यावर मात्र तितक्याच मोकळेपणाने श्रद्धा प्रकट करतो. संशय आला तेव्हा संशय बोलला, विश्वास बसला तेव्हा विश्वास बोलला. यात भोळेपणा कोठे आहे?

कपट या अर्थाचा मूळ ग्रीक शब्द 'डोलॉस' होय. होमरच्या महाकाव्यात तो मासे धरण्याच्या आमिषासाठीही आला आहे. गळाला लावलेले आमिष आपल्या किनाऱ्यावरील वाचकाला समजावून सांगायला नको. वर खाद्य, आत आकडा. कपटाची याहून नेमकी व्याख्या कोणती असेल? जुन्या कराराच्या प्राचीन ग्रीक भाषांतरात हाच शब्द याकोबाच्या कथेत येतो. धाकट्याने कपटाने येऊन तुझा आशीर्वाद नेला, असे इसहाक एसावाला सांगतो तो हा प्रसंग. पुढे याच याकोबाला 'इस्राएल' हे नाव मिळाले. नथनएलला 'कपट नसलेला इस्राएली' म्हणताना ही जुनी आठवण जागी होते. त्याच संवादाच्या शेवटी देवदूतांच्या चढण्याउतरण्याचा उल्लेख येतो, तोही याकोबाच्या स्वप्नाकडेच बोट दाखवतो.

संत ऑगस्टिन (इ. स. 354–430) यांनी या प्रसंगावर प्रवचन करताना एक महत्त्वाचा भेद केला आहे. नथनएलच्या ठायी कपट नव्हते याचा अर्थ त्याच्या ठायी पाप नव्हते असा नाही. तो आपले पाप लपवीत नव्हता, एवढाच त्याचा अर्थ. रोग उघड करणारा रोगी बरा होऊ शकतो, झाकणाऱ्यापुढे वैद्याचा इलाज चालत नाही. निष्कपटपणा म्हणजे निष्कलंकपणा नव्हे, हे कळले की ही गोष्ट केवळ संतांसाठी राखून ठेवलेली नाही, हेही कळते.

हा वाद केवळ शब्दांचा नाही. दुकानदाराने चुकून जास्त दिलेले दहा रुपये मूल परत करून येते, तेव्हा घरातून "भोळाच आहे अगदी!" असा उद्गार निघतो. म्हणणाऱ्याच्या मनात कौतुक असेलही, पण मुलाच्या कानी पडते ते एवढेच की शहाण्याने असे केले नसते. भोळ्याला फसवणूक दिसत नाही. निष्कपटाला ती दिसते, करताही येते, आणि तरी तो करीत नाही. एकाकडे अजाणतेपण आहे, दुसऱ्याकडे निवड. सापाचे शहाणपण आणि कबुतराचा साधेपणा शिष्यांच्या अंगी एकाच वेळी असावा, अशी प्रभूची अपेक्षा होती ती याच कारणाने. भोळा आणि प्रांजळ यांच्यातील हा भेद आपण बोलण्यात पाळला नाही, तर पुढची पिढी प्रांजळपणाला दुबळेपणा समजेल. त्या मुलाला भोळा म्हणू नये. तो प्रामाणिक आहे. त्याला तसेच म्हणावे.